धाकूच्या बिड्यांचा डबा

मी एक पत्र्याचा डबा. जन्माने बिस्किटांचा, पण धाकूने मला रद्दीवाल्याकडून आणलं, माझ्यात बिड्या ठेवल्या आणि मी कायमचा बिड्यांचा झालो. घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवरच्या खोलीत, फळीवर माझी जागा.

संपानंतर धाकूच्या गिरणीचं दार काही उघडलं नाही. तो सुरतेला मागावर कामाला गेला. "जम बसला की तुम्हाला नेतो," असं बायकोला, मालनला, सांगून गेला. दोन मनिऑर्डरी आल्या, मग काहीच नाही. मालन लोकांच्या घरी पोळ्या लाटू लागली.

एका दुपारी नलिनी नावाची मुलगी आली. कुणाच्या घरात किती येतं आणि कशावर जातं, याची पाहणी करत फिरायची.

"घरात माणसं किती?"

"तीन. मी, आमची मुलगी प्रेमा, आणि हे."

मग तांदूळ, तेल, रॉकेल सांगून झालं. शेवटी मालन म्हणाली, "आणि आठवड्याला बिडीचं एक बंडल."

महिन्याभराने नलिनी परत आली. "ताई, जरा घोळ झालाय. आम्ही घराघरांचे आकडे शेजारी ठेवून बघतो ना. संपवाल्यांच्या घरात दूध कमी झालं, कापड थांबलं, बिडीपण कमी झाली. तुमच्याकडे बिडी तेवढीच. साहेब विचारतात, ओढतं कोण?"

मालनने मला खाली घेतलं, झाकण काढलं. आत बंडलं खच्चून भरलेली. एकाचाही दोरा सुटलेला नव्हता.

"येतलो तो," ती म्हणाली. "आल्या-आल्या बिडी नाय गावली तर डोक्यात राख घालतलो."

"जाऊन किती दिवस झाले?"

"दुसरी दिवाळी गेली."

नलिनीचा आवाज खाली आला. "सहा महिन्यांवर बाहेर असलेला माणूस त्या घरात धरायचा नाही, असा नियम आहे, ताई."

"मग त्याला धरायचं कुठे? तिकडे काय घर आहे त्याचं?"

नलिनीने कागदावर तिनाचे दोन केले. बिडीच्या ओळीवर मात्र पेन थांबलं. "हा खर्च खरा आहे," ती म्हणाली, "हा राहू दे."

त्यालाही आता चार वर्षं झाली. माझ्या कडा गंजल्या, तळातल्या बिड्यांचा भुगा झाला.

तुमच्यापैकी कुणी सुरतेला जाणार असेल, तर धाकूला एवढंच सांगा. आपलं दार आता निळं नाही, हिरवं आहे. पण खाली, चौकटीपाशी, वीतभर निळं मालनने तसंच ठेवायला लावलंय. घर चुकायचं नाही.