सातव्या फेरीचा नकाशा

मित्रांनो, मी लाकडाचा एक गोल नकाशा आहे. जुना आहे आणि दमलेलाही आहे. फिलिपिन्सच्या दक्षिणेला एक लहानसं ज्वालामुखी बेट आहे. तिथे रस्त्याला लागून असलेल्या एका साध्या लॉजच्या व्हरांड्यात मी भिंतीवर असतो. माणसं सुट्टीला येतात, माझ्यासमोर उभी राहून उद्याचा बेत आखतात आणि निघून जातात. मी कुठेही जात नाही. तरीही या बेटाला मी जितक्या फेऱ्या मारल्या, तितक्या इथल्या एखाद्या गाडीनेही मारल्या नसतील.

जन्मतः मी नकाशा नव्हतो. बेटावर वीज आली तेव्हा जाड तारा मोठमोठ्या लाकडी रिळांवर गुंडाळून आल्या. त्यातल्या एका रिळाची मी एक बाजू. काम संपल्यावर ते रीळ किनाऱ्यावर उन्हापावसात पडून राहिलं. नोंग पानियोने ते घरी आणलं. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला नोंग आणि बाईला नांग म्हणतात. नोंग पानियो जीपगाड्या रंगवायचा आणि त्याची बायको नांग तिवा लॉज चालवायची. तिच्या पाहुण्यांना रस्ता सांगून सांगून त्याचा घसा दुखायचा, म्हणून त्याने मला घासूनपुसून बेटाचा नकाशा केलं.

ज्वालामुखीला त्याने जीपच्या बंपरचा तांबडा रंग दिला. भोवती झाडी, धबधबा, गरम पाण्याचं कुंड, समुद्रात बुडालेलं जुनं स्मशान, होडीने जायचा पांढऱ्या वाळूचा दांडा हे सगळं आलं. कडेने बेटाला वळसा घालणारा एकुलता एक रस्ता काढला, आणि रस्त्यावरची देवळं, म्हणजे आमची छोटी प्रार्थनाघरं, पिवळ्या ठिपक्यांनी दाखवली. नावं मात्र त्याने अशी लिहिली की प्रत्येक ठिकाणी डोंगर वर आणि समुद्र खाली यावा. त्यामुळे निम्मी नावं डोक्यावर उभी राहिली.

पहिल्याच पाहुण्याने विचारलं, "यात उत्तर दिशा कुठे आहे?"

"डोंगराकडे जायचं की समुद्राकडे, ते सांगा," नोंग पानियो म्हणाला. "इथे तिसरी दिशा कोणी विचारत नाही."

"पण अर्धी नावं उलटी आहेत."

"उलटी नाहीत. तुम्ही अजून तिथे पोचला नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या मध्यभागी जीपच्या चाकाचं जुनं बेअरिंग बसवलं आणि मला भिंतीवर लावलं. आता जिथे जायचं ते ठिकाण फिरवून खाली आणायचं, की नाव सरळ वाचता येई आणि डोंगर बरोबर डोक्यावर येई.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. रोज संध्याकाळी माझ्यासमोर भांडणं होत. नवऱ्याला डोंगर चढायचा असे, बायकोला समुद्रात डुंबायचं असे, आणि म्हाताऱ्या सासऱ्याला दोन्ही नको असे. मला कोणी इकडून ओढी, कोणी तिकडून. धबधब्यावर इतकी बोटं टेकली गेली की तिथलं पाणी पुसून लाकूड दिसू लागलं. लोक माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढत. "असा नकाशा कुठेच पाहिला नाही," असं म्हणत. मला बरं वाटे. आता खरं सांगायचं तर त्या कौतुकापेक्षा मला दुपारची झोप जास्त आठवते, कारण दुपारी सगळे बाहेर गेलेले असत आणि मला कोणी हात लावत नसे.

नोंग पानियो वारला. त्यानंतर काही वर्षांनी प्रत्येकाच्या खिशात फोन आला. फोनमधल्या नकाशाला उत्तर दिशा ठाऊक होती. माझ्यासमोर उभं राहणं थांबलं, माझ्यावर ओले टॉवेल वाळत पडू लागले. समुद्राच्या खाऱ्या हवेने बेअरिंग गंजलं आणि एके दिवशी मी फिरायचा थांबलो. कोणाच्या लक्षातही आलं नाही. एका माणसाचं मात्र त्यावाचून अडलं. ती नांग तिवा.

आमच्या बेटावर गुड फ्रायडेला लोक रस्त्याने पायी बेटाची प्रदक्षिणा करतात. पहाटे निघालेला माणूस दिवेलागणीला घरी येतो. कोणी नवस फेडतं, कोणी पापं. नांग तिवाचा मुलगा एल्मर जहाजाच्या इंजिनखोलीत काम करतो. त्याच्या पहिल्याच सफरीत वादळ झालं आणि जहाजाचा पत्ता लागेना. तेव्हा तिने नवस बोलला की मुलगा जिवंत परत आला तर सात वर्षं सात फेऱ्या चालीन. एल्मर परत आला. तिने सहा फेऱ्या पुऱ्या केल्या. सातव्या वर्षी काळ्या खडकांच्या पट्ट्यात तिचा गुडघा गेला. तिथे जुना लाव्हा थेट समुद्रापर्यंत आलेला आहे, सावलीला एक झाड नाही. कोणीतरी तिला मोटारसायकलवर बसवून घरी आणलं. बसली, तिथेच फेरी मोडली.

पुढे दर गुड फ्रायडेला ती माझ्यासमोर खुर्ची टाकून बसे आणि दिवसभर मला थोडं थोडं फिरवी. एकेक देऊळ खाली आणायचं, माळ जपायची, मग पुढचं देऊळ. तिच्या अंगठ्याने माझ्या कडेचा रस्ता झिजून गेला. "ही फेरी धरायची नाही," ती स्वतःशीच म्हणे. "ही नुसती आठवण." मी गंजलो आणि तिची ती आठवणसुद्धा गेली.

गेल्या वर्षी एल्मर बऱ्याच काळाने सुट्टीवर आला. बरोबर बायको रोविना आणि मुलगी चेस्का. रोविना मनिलाची. परदेशातल्या इस्पितळात नर्स आहे. चार दिवसांचा बेत तिने वर्षभर आधी फोनमध्ये आखून ठेवला होता. ती आली तेव्हाच तिचे डोळे झोपेने जड होते.

गुरुवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने बेत वाचून दाखवला. "उद्या वाळूच्या दांड्यावर. पोहायचं, भाजलेले मासे खायचे. परवा ज्वालामुखी."

"उद्या पाण्यात उतरायचं नाही," नांग तिवा म्हणाली.

"का, आई?"

"गुड फ्रायडे आहे. देव मेलेला असतो. लागलं तर जखम भरत नाही."

"आई, मी नर्स आहे. जखमा सगळे दिवस सारख्याच भरतात."

"तुमच्या इस्पितळात भरत असतील. इथे नाही भरत."

"होडीवाला तर लगेच हो म्हणाला," एल्मर मध्ये पडला.

"कोण होडीवाला?"

"फोनवर मिळाला. पलीकडच्या किनाऱ्याचा आहे."

"म्हणून हो म्हणाला. इथला असता तर उद्या घरात असता. तू तरी कुठे इथला राहिलास."

रोविनाने फोन टेबलावर पालथा ठेवला. "वर्षभर या चार दिवसांकडे बघत मी रात्रपाळ्या काढल्या," ती कोणाकडेही न बघता म्हणाली.

तेवढ्यात चेस्का माझ्याशी झटापट करू लागली. "आजी, हा गोल आहे तर फिरत का नाही? आणि कडेला रंग का गेलाय?"

तेव्हा नवसाची गोष्ट निघाली. एल्मर ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मला कधी सांगितलं नाहीस."

"नवस तुझ्याशी बोलले नव्हते."

"उद्या मी चालतो. एक फेरी राहिली ना?"

"तुझ्यासाठी बोललेला नवस तूच फेडायचा? असं चालत नाही. घरातल्या दुसऱ्या कोणी चाललं तर चालतं. पण घरात दुसरं आहे कोण?" ती भांडी उचलू लागली. "जगातल्या जहाजांना तेल घालत फिरतोस. हा नकाशा तेवढा फिरता करून दे."

शुक्रवारी उजाडायच्या आत रोविना उठली. कामाच्या पाळ्यांची सवय. व्हरांड्यात आली तर नांग तिवा पायरीवर बसून गुडघ्याला फडकं बांधत होती. शेजारी काठी, पाण्याची बाटली. समोरच्या रस्त्यावरून माणसं जाऊ लागली होती.

रोविनाने खाली बसून गुडघ्यावर बोटं फिरवली. "कुठे निघालात?"

"एक फेरी अंगावर ठेवून मरायचं नाही मला."

"या गुडघ्याने त्या वळणापर्यंतसुद्धा पोचणार नाही."

"मग वळणापर्यंत जाईन."

रोविनाने रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी घरातली धरली जाते का?"

नांग तिवाने तिच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या दोघी एकमेकींशी एवढं कधी बोलल्या नव्हत्या.

"तू दमलेली आहेस."

"दमलेलीच असते मी. वॉर्डात याच्याहून कमी चालते असं वाटतं का तुम्हाला? पोहायला तर बंदीच आहे. बेट बघायला आले होते, बघून येते." तिने बाटली उचलली. "पण फोन करीन तेव्हा उचला."

ती गेली. एल्मर उठल्यावर त्याला हे कळलं. तो रॉकेल, पत्र्याचा डबा आणि ग्रीस घेऊन आला. माझं बेअरिंग त्याने काढलं, धुतलं, घासलं, पुन्हा बसवलं. मी कुरकुरलो आणि फिरलो. नांग तिवाने खुर्ची पुढे ओढली.

रोविनाचा फोन येई. "आई, निळ्या दरवाजाचं देऊळ आलं." नांग तिवा मला तिथे आणी आणि माळ जपे. मग, "धबधब्याचा फाटा आला. आत जात नाही, आवाज ऐकला." मग, "समुद्रात बुडालेल्या स्मशानाचा क्रूस दिसतोय. इथे एक बाई फुकट बिनिग्नित वाटतेय." नारळाच्या दुधातली ती केळी-रताळ्याची खीर आमच्याकडेही चुलीवर होती. "किती गोड आहे?" नांग तिवाने विचारलं. "तुमच्यापेक्षा जास्त," रोविना म्हणाली. नांग तिवा फोन ठेवल्यावर हसली.

उन्हं चढली. काळे खडक खाली आले आणि फोन थांबला. एल्मरने लावून पाहिला, लागेना. मी तसाच उभा. दुपार कलली. एल्मर मोटारसायकलची किल्ली घेऊन उठला.

"बस खाली," नांग तिवा म्हणाली. "गाडी दिसली की माणूस बसतो. मीही बसले होते."

"आई, ती उन्हात पडली असेल तर?"

"शंभर माणसं आहेत रस्त्यावर. तिला कधी बसायचं ते कळतं. मला कळलं नव्हतं." हे ती म्हणाली खरी, पण तिचा अंगठा माझ्या कडेवर दाबून पांढरा पडला होता.

बऱ्याच वेळाने अनोळखी नंबरवरून फोन आला. "माझा फोन उन्हाने बंद पडला. सान रोकेच्या देवळात आहे. ही बाई तिचा फोन परत मागतेय." नांग तिवाने मला सान रोकेवर आणलं.

दिवे लागायच्या वेळी शेवटचा फोन आला. "आई, खाडीजवळच्या देवळाच्या पायरीवर आहे. आता नाही होत. घर किती राहिलंय?"

नांग तिवाने माझ्याकडे पाहिलं. त्या देवळापासून लॉजपर्यंत माझ्यावर एक वीत अंतर आहे. तिने काठी घेतली.

"मी येतो," एल्मर म्हणाला.

"तू इथेच थांब. हे तुझ्यासाठी आहे, तू यात पडू नकोस."

ती रस्त्याला लागली, चालणाऱ्यांच्या उलट दिशेने. पहाटे समोरच्या वळणापर्यंतही तिला जमणार नाही असं ठरलं होतं, आता ती दुसऱ्या बाजूच्या वळणापलीकडे दिसेनाशी झाली. एल्मर पायरीवर बसून राहिला. चेस्काने त्याच्या हातावरचं ग्रीस पुसायला फडकं आणलं, ते त्याने नुसतं धरून ठेवलं.

अंधार पडताना दोघी आल्या. कोण कोणाला धरून चालत होतं ते मला कळलं नाही. मला वाटतं, त्यांनाही कळत नव्हतं. पायऱ्या चढून नांग तिवा सरळ माझ्याकडे आली. माझ्या कडेवर तळहात ठेवून तिने मला उरलेली वीतभर वाट फिरवली आणि लॉज खाली आणलं. मग ती खुर्चीत बसली. बसायला आता हरकत नव्हती.

रोविनाचे पाय परातीत होते. टाचांवर फोड, एक फुटलेला. नांग तिवाने वाकून पाहिलं. "आज भरायचे नाहीत हे."

"उद्या भरतील," रोविना डोळे मिटूनच म्हणाली.

ज्वालामुखी राहिला, वाळूचा दांडा राहिला. उरलेली सुट्टी रोविनाने व्हरांड्यातल्या झोळीत झोपून काढली, आणि तिच्या पायांना सासूने तेल लावलं. निघताना तिने माझा फोटो काढला नाही. अंगठ्याने माझी झिजलेली कड एकदा चाचपली.

मित्रांनो, मी आता पुन्हा फिरतो. टॉवेल अजूनही पडतात, रंग अजूनही उडतो, आणि दिवस मावळला की खरोखर थकायला होतं. तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी, अडलेली वस्तू असेल. तिला तेलाचा थेंब द्या. कोणाचं तरी तिच्यावाचून अडलेलं असतं आणि ते माणूस बोलत नाही. आणि सुट्टीचा बेत आखायला बसाल तेव्हा घरी मागे राहणाऱ्या माणसाला आधी एवढं विचारा, की तुमची कुठली फेरी राहिली आहे का.