तारेवरचा निरोप्या

बेटावरच्या कोमिझा गावाच्या धक्क्याला बोट लागली तेव्हा तोंकाला रडूही येत होतं आणि हसूही, कारण नेमका त्याच वेळी स्प्लिटच्या घरून आईचा फोन आला, की तान्ही लुत्से काही केल्या बाटलीला तोंड लावत नाही.

"तिकडे पोरीचं तोंड उघडेना, इकडे बाटल्यांचं मिटेना," बोटीचे तांडेल बार्बा फ्राने म्हणाले. "बाटल्यांशी तुमच्या घराण्याचं काही जुनं वैर आहे का गं?"

इकडच्या बाटल्या म्हणजे खोल समुद्रातलं पाणी आणायच्या नळ्या. दोन्ही तोंडं उघडी ठेवून खाली सोडायच्या आणि हव्या त्या खोलीवर मिटायच्या. त्या मिटवणारं विजेचं यंत्र काल ऐन मोक्याला बंद पडलं होतं. यंदाच्या हिवाळ्यात उत्तरेचा गार बुरा वारा असा काही सुटला होता, की उत्तरेकडचं पाणी गारठून, जड होऊन तळाला बसलं आणि तळातळाने सरपटत दक्षिणेला निघालं. ते काल तोंकाला पडद्यावर दिसलंही. तापमानाची रेघ तळाजवळ कड्यावरून पाय घसरावा तशी खाली आली होती. दिसलं, पण हाती लागलं नाही. उद्या दक्षिणेचा युगो वारा सुटणार, बोट घरी परतणार, आणि असा हिवाळा पुन्हा कधी पडेल कोण जाणे. तिच्या स्वतःच्या नावावरचं हे पहिलंच काम. लुत्से पोटात असताना मंजूर झालेलं.

यंत्र दुरुस्त करणारा माणूस परवाशिवाय येणार नव्हता.

"तुझ्या त्या मंडळाला सांग की," फ्राने म्हणाले. "सभासद झालीस म्हणून गोड फ्रितुले तळून आणले होतेस ना? म्हणावं, या आता, झाकणं लावा."

आणले होते खरे. समुद्र-अभ्यासकांच्या मंडळात नाव घातल्याला वर्ष होत आलं होतं. तिथल्या नव्या सभासदांच्या फोनवरच्या गटात रोज कुणी ना कुणी काहीतरी विचारायचं. तोंका मांडीवर लुत्सेला थोपटत नुसतं वाचायची. आपण विचारलं तर आपलं अज्ञान चव्हाट्यावर येईल, ही धास्ती. आज धास्ती बाळगायलाही सवड नव्हती. तिने धक्क्यावर उभ्याउभ्याच सगळं लिहून टाकलं.

पहिलं उत्तर आलं थेट काळ्या समुद्रावरच्या वार्नाहून. दोब्रिन नावाच्या कुणा मुलाने विचारलं होतं, की बाटल्यांना वरच्या बाजूला खटका आहे का, आणि तू आत्ता कुठे आहेस? खटका होता, पण तो कधी कुणी वापरला नव्हता. तिने तसं कळवलं, आणि लगेच त्याचं उत्तर आलं.

"मग विजेचं यंत्र हवंय कशाला? निरोपे सोड. कोमिझात चर्चच्या मागे पेरिनाबाई राहतात, आपल्याच जुन्या सभासद आहेत, त्यांच्याकडे मिळतील. मलाही त्यांनीच शिकवलं. पळ, मी फोन करून ठेवतो."

निरोप्या म्हणजे तारेवर बसवायचं पितळी वजन. वरून सोडलं की ते सरसरत जाऊन पहिल्या बाटलीच्या खटक्यावर आदळतं. ती बाटली मिटते, आणि तिच्याखाली टांगलेला दुसरा निरोप्या सुटून पुढच्या बाटलीकडे धावतो. तोंकाने हे फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं.

ती धापा टाकत पोचली तर पेरिनाबाई जाड कोट चढवून दारातच उभ्या. मागे अंगणातल्या टेबलावरचं कापड वाऱ्याने वेडंवाकडं फडफडत होतं, कारण त्याच्या चार कोपऱ्यांवरची पितळी वजनं आता बाईंच्या पिशवीत खणखणत होती.

"निरोपे असे फुकट मिळत नाहीत," त्या म्हणाल्या. "मी पण येणार."

बोटीवर फ्रानेंनी त्यांना पाहून कपाळाला हात लावला. पेरिनाबाई, या वयात? त्यावर बाई एवढंच म्हणाल्या, की तुझी पहिली सफर मला आठवते रे, ओकून ओकून हिरवा झाला होतास. फ्राने गुमान इंजिनाकडे गेले.

दुपारी समुद्रतळाच्या खोलगट भागावर पोचल्यावर चार बाटल्या तारेवर एकीखाली एक चढल्या. सगळ्यात खालची तळाशी, थंड पाण्यात. पहिला निरोप्या तोंकाने स्वतःच्या हाताने सोडला. बाईंनी तिचा तळवा धरून तारेवर टेकवला.

"डोळे मिट. तळव्याने ऐक."

टक्. पहिली बाटली मिटली. मग दुसरा, जरा दबलेला. मग तिसरा, त्याहून बारीक.

चौथा येईना. लाटा फुगायला लागल्या होत्या. ओढू का, असं फ्रानेंनी दोनदा विचारलं. बाटली मिटण्याआधी ओढली तर सगळं मुसळ केरात. आणि मग तारेतून काहीतरी आलं. टक् म्हणावं असंही नाही. लुत्से पोटात पहिल्यांदा हलली तेव्हा वाटलं होतं तसं. ठोका खरंच आला, की भास झाला?

तिने बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा उतरला होता.

"मला नाही गं लागला. माझे तळवे म्हातारे झाले. तुला लागला?"

आता विचारायला कुणी उरलं नव्हतं.

"लागला," तोंका म्हणाली. "ओढा."

तार गोळा होत राहिली. पहिली मिटलेली. दुसरी, तिसरीही. चौथी पाण्याबाहेर आली ती दोन्ही झाकणं घट्ट मिटून, जडशीळ. तोंकाने ती तशीच निथळती खांद्याशी कवटाळली.

"आता पाठ थोपट," फ्राने म्हणाले. "ढेकर आल्याशिवाय निजवू नको."

पेरिनाबाई इतक्या हसल्या की त्यांना कठडा धरावा लागला.

किनारा जवळ येऊन फोन जागा झाला तेव्हा वार्नाहून दोब्रिनची एकच ओळ येऊन पडली होती. निरोप पोचला का?

तोंकाने ओल्या बोटांनी लिहिलं, "चारही."