सहा फुटी टाकीचं पाणी

प्लंबरला झटका आला, उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली, आणि माशांच्या सहा फुटी टाकीचं पाणी बदलायचं काम त्याच्या बायकोच्या गळ्यात पडलं.

जन्मभर लोकांच्या घरी नळ बसवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या टाकीला मात्र साधी नळीसुद्धा जोडली नव्हती. दर रविवारी दहा बादल्या गढूळ पाणी बाहेर, दहा बादल्या ताजं पाणी आत. त्याला त्यात मजा वाटायची. बायको घरी शिलाईकाम करायची. तिसऱ्या बादलीलाच तिच्या खांद्यातून कळ निघायची, पण थांबायची सोय नव्हती. सात सोनमासे, एकेक तळहाताएवढा. आठवडा चुकला की पाण्याला वास यायचा.

"विकून टाक गं वहिनी," नणंद म्हणाली. "इथे माणसाचं करता करता जीव मेटाकुटीला आलाय, त्यात हे मासे कशाला?"

"आणि ते दिवसभर बघतील कुठे?" बायकोने विचारलं.

खरंच, प्लंबर खुर्चीत बसून दिवसभर टाकीकडेच बघायचा. तीन महिन्यांत त्याच्या तोंडून 'हां' आणि 'नको' एवढेच दोन शब्द निघाले होते, तेही बहुधा माशांकडे बघतानाच.

एका रविवारी खांदा इतका आखडला की तिला वेणीसुद्धा घालता येईना. ती बादलीशेजारी जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडली. मग डोळे पुसून उठली. नवऱ्याच्या पिशवीतून लांबलचक पाइप काढला, एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडाने ओढलं. घाण पाण्याचा घोट गेला, ठसका लागला, पण धार सुरू झाली. टोक न्हाणीघराच्या मोरीत टाकलं आणि टाकी आपोआप उतरू लागली. तिला हसूच आलं. 'एवढं सोपं होतं, आणि मी मेले गाढवासारखी ओझी वाहत होते!'

आयतं उतरतंय म्हणून तिने अर्धी टाकी रिकामी केली. मग पाइप नळाला जोडून पाणी थेट आत सोडलं. एरवी प्रत्येक बादलीत नळाच्या पाण्यातलं, माशांना बाधणारं क्लोरीन मारायचे थेंब टाकायची सवय, पण आज बादलीच नव्हती. थेंबही राहिले.

टाकी भरली तशी ती खुशीत मशीनवर बसली. मागे नवरा खुर्चीचा हात बडवत होता.

"थांबा हो, एवढी दुमड घालते आणि चहा टाकते."

"नको! नको! नको!"

"बरं, नको तर नको."

मशीन खडखडत राहिलं. बडवणं थांबेना तेव्हा ती वैतागून वळली. सातही मासे पाण्याच्या वर तोंडं काढून आ वासत होते. एक तर आडवा झाला होता.

धावत जाऊन तिने थेंबांची बाटली उपडी केली. चार थेंब पडले. बाटली रिकामी.

"मी आणते! आत्ता आणते!" ती ओरडली आणि चपला न घालताच जिने उतरली.

माशांचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलत होता. तिने मध्येच घुसून त्याचा हात धरला. "थेंब द्या भाऊ, मासे मरतायत माझे!"

त्याने बाटली हातात दिली. "बादलीच्या नाही, अख्ख्या टाकीच्या हिशेबाने घाला. आणि पाणी ढवळत राहा, हवा मिसळली पाहिजे."

परत येताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ते बघतायत. मी मारलेले मासे ते बघत बसलेत, आणि त्यांचं तोंड दुसरीकडे वळवायलाही कुणी नाही.

दार ढकललं तर खुर्ची रिकामी.

प्लंबर टाकीपाशी उभा होता. लुळा खांदा भिंतीला टेकवलेला, सगळा भार डाव्या पायावर, आणि डाव्या हातात स्टीलचा मग. तो पाण्यात बुडवायचा, डोक्याएवढा वर न्यायचा आणि उंचावरून धार सोडायची. पुन्हा बुडवायचा. पाय लटलटत होता, लुंगी चिंब झाली होती. तीन महिन्यांत तो कुणी धरल्याशिवाय उभा राहिला नव्हता.

तिने औषध ओतलं आणि त्याच्या काखेत आपला दुखरा खांदा दिला. "बसा आता. मी ओतते."

"नको," तो म्हणाला.

मग दोघांनी मिळून ओतलं. हात गळून पडेपर्यंत.

तीन मासे गेले. चार वाचले. मेलेले तिने कुंडीत पुरले, आणि दोन दिवस ती त्याच्याकडे नजर वर करून बघू शकली नाही. "माझ्या हातून झालं हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायची.

तिसऱ्या दिवशी त्याने तिच्या शिवणाच्या वहीवर डाव्या हाताने रेघोट्या मारल्या. पोर खरडतं तशा. तिने वही उलटसुलट करून पाहिली. एक पिंप, त्यात छोटा पंप. पंपापासून टाकीपर्यंत नळी. टाकीतून मोरीकडे दुसरी नळी, तिला कॉक. टाकीच्या काचेवर पाव भाग उतरला की थांबायची आडवी खूण. पिंपावर त्याने टिंबं टिंबं काढली होती.

"पिंपात आधी थेंब टाकायचे?"

"हां!"

पुढचे चार दिवस ती पाना घेऊन जमिनीवर आणि तो खुर्चीत. चुकलं की खुर्ची बडवायचा, जमलं की हां. रविवारी तिने कॉक फिरवला. पाणी खुणेपर्यंत उतरताच बंद केला, पंप लावला. पाऊण तासात सगळं आटोपलं, एकही बादली उचलावी लागली नाही. फक्त सांध्यातून पाणी ठिबकत होतं. तिने तीनदा आवळलं तरी थांबेना.

"उल... उलटं," मागून आवाज आला.

ती वळली. तो सांध्याकडे बोट दाखवत होता, चिडलेला, कामावर असताना चिडायचा तसाच.

"काय म्हणालात?"

"उलटं!"

तिने सांधा उघडला. आतला रबरी वायसर खरंच उलटा बसला होता. नीट बसवायला तिला बराच वेळ लागला, कारण डोळ्यांपुढे काही दिसतच नव्हतं.