कोपऱ्यातलं वर्तुळ

"हे सात ठिपके बाकीच्यांच्या घोळक्यापासून फार लांब पडतात, म्हणून आम्ही वगळलेत. बहुतेक रक्त घेताना नळ्यांवरची लेबलं बदलली गेली असावीत," व्यासपीठावरची मुलगी सहज म्हणाली आणि पुढच्या आलेखाकडे वळली.

शेवटच्या रांगेत सिस्टरांच्या हातातलं बिस्किट तोंडापाशीच थांबलं.

सभागृहात दीडशे माणसं होती. डावीकडे रक्तातल्या पेशींचा अभ्यास करणारे, उजवीकडे संगणकावर त्याच पेशींची गणितं मांडणारे. दोघांनी मिळून काम करावं म्हणून तर ही परिषद भरवलेली. पण सकाळपासून दोन्हीकडची मंडळी सोयरीक ठरवायला आल्यासारखी एकमेकांना नुसती निरखत होती.

सिस्टरांना बोलावलं होतं ते मानानं. लसीनंतर प्रतिकारशक्ती किती टिकते, याच्या अभ्यासासाठी दोनशे चौदा माणसांचं रक्त दर तीन महिन्यांनी त्याच घेत आल्या होत्या, तेही थोडीथोडकी नाही, अकरा वर्षं. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. सकाळी नवऱ्यानं चिडवलं होतं, "काही कळलं नाही तर मान डोलवत राहा. तिथं सगळे तेच करतात."

नसतं कळलं तर बरं झालं असतं. पण लेबलं बदलली, एवढं त्यांना स्वच्छ कळलं होतं आणि तळपायाची आग मस्तकाला गेली होती. सिस्टरांचा नेम ठरलेला. सुई निघाली की लगेच नळीवर लेबल, आणि माणसानं जागचं उठायच्या आधी त्यावरचा आपला नंबर मोठ्यानं वाचायचा. लोक हसायचे, कुरकुरायचे, पण वाचल्याशिवाय सुटका नसायची. अकरा वर्षांत एक नळी इकडची तिकडे झाली नव्हती. एवढीच त्यांची आयुष्यभराची कमाई, आणि ती एका वाक्यात मातीत चालली होती.

"कुणाला काही विचारायचंय?" मुलीनं विचारलं.

सिस्टर उभ्या राहिल्या. आवाज वॉर्डातल्यासारखाच खणखणीत निघाला. "बाळ, ते सात ठिपके परत दाखव. नंबरासकट."

दीडशे माना मागे वळल्या. पडद्यावर नंबर उमटले. एक्केचाळीस, अठ्ठावन्न, एकशे तीन... सिस्टरांनी चष्मा चढवला. नंबर कसले, माणसंच होती ती. एक्केचाळीस म्हणजे बेकरीतला भट्टीवाला. अठ्ठावन्न, रात्रीची लिफ्टवाली. एकशे तीन तो पहारेकरी, सुई आत असतानाच घोरायला लागणारा.

"लेबलं बदललेली नाहीत," त्या म्हणाल्या. "ही सातही माणसं रात्रपाळीची आहेत. कामावरून सुटली की घरी जाऊन झोपणार, ती आपल्याकडे कशाला येतायत! म्हणून मीच सकाळी सहाला त्यांच्या कामाच्या दारात जाते. आपण उठतो तेव्हा त्यांची रात्र होते. त्यांचं रक्त तुमच्याआमच्यासारखं कसं असेल?"

"पण सिस्टर, वेळ तर सगळ्यांची सकाळचीच लिहिलीय."

"सकाळ घड्याळाची, बाई. त्यांची नव्हे. लेबलाच्या कोपऱ्यात बघ, बारीक वर्तुळ असेल. रात्रभर जागलेल्या माणसाला सुई बघून पटकन चक्कर येते. पुढच्या खेपेला त्याला आधीच आडवं करायचं, हे माझ्या लक्षात राहावं म्हणून मी माझ्या वहीत आणि लेबलावर, दोन्हीकडे काढते."

मुलीनं लेबलांचे फोटो उघडले. सातही लेबलांच्या कोपऱ्यात वर्तुळ होतं. मग ती सगळीच लेबलं धुंडाळत बसली, आणि चहाची वेळ टळून गेली तरी कुणी जागचं हललं नाही. वर्तुळवाले एकूण नऊ निघाले. सात घोळक्याबाहेर, दोन मात्र बाकीच्यांसारखे आत.

"आणि हे दोघं असे का?" डावीकडून कुणीतरी विचारलं.

"ते मला नाही माहीत," सिस्टर म्हणाल्या. "तेवढं तुम्ही शोधा. सगळं मीच करू?"

सभागृह हसलं. डावी-उजवी बाजू त्या दिवशी पहिल्यांदाच एकत्र हसली.

अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टरबाई पुढच्या रांगेतून उठल्या. "शरीराच्या घड्याळाप्रमाणे पेशींची संख्या बदलते, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते," त्या म्हणाल्या. "आणि या माणसांची झोपायची वेळ विचारायचं मलाच सुचलं नाही."

"आमच्याकडे त्या खुणेसाठी रकानाच नव्हता," मुलगी खालच्या आवाजात म्हणाली. मग तिनं सगळ्यांसमोर पडद्यावरच्या टिपणातलं ते लेबलांबद्दलचं वाक्य पुसून टाकलं. "माझं चुकलं, सिस्टर. रकान्याला नाव काय देऊ?"

"रात्रपाळी," सिस्टर म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यांची छाती अभिमानानं भरून आली होती, आणि ते लपवावं असं त्यांना मुळीच वाटलं नाही.

घरी नवऱ्यानं विचारलं, "मग, डोलावलीस मान?"

"मी नाही. त्यांनी डोलावली."

निवृत्तीला दोन दिवस उरले असताना त्या शेवटच्या फेरीला बेकरीच्या दारात पोचल्या. लेबलं नवी होती. त्यांवर 'रात्रपाळी' अशी छापील चौकट होती. भट्टीवाला पिठाळलेल्या बाह्या सारून बाकावर आडवा झाला. रक्त घेऊन झालं, नळीवर लेबल लागलं.

"नंबर वाचा."

"सिस्टर, अकरा वर्षं झाली. पाठ आहे मला."

"तरी वाचा. माझी शेवटची खेप आहे."

भट्टीवाल्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग नळी हातात घेऊन, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, त्यानं वाचलं, "एक्केचाळीस!"

सिस्टरांनी छापील चौकटीत खूण केली. आणि मग, कुणाला गरज नसताना, कोपऱ्यात एक बारीक वर्तुळ काढलं.