उलट दिशेने आलेली सायकल

नवघरच्या नाक्यावरच्या भाड्याच्या सायकली सकाळी सगळे स्टेशनला पळवतात आणि पावणेसातनंतर स्टँड रिकामा. दहावीतल्या समिधाला हे पक्कं माहीत होतं. म्हणून तिने आदल्या संध्याकाळीच एका सायकलीला रुमाल बांधून ठेवला होता. साडेसातला शांती नगरच्या शाळेत बोर्डाचं विज्ञानाचं प्रॅक्टिकल होतं. सकाळी येऊन बघते तर सायकल गायब, आणि रुमाल कुणीतरी नीट घडी करून रेलिंगवर ठेवलेला.

ॲपवर स्टेशनजवळ बावन्न सायकली दिसत होत्या, इथे शून्य. रिक्षा सगळ्या भरून चाललेल्या.

तेवढ्यात समोरून एक सायकल आली. अख्खं नवघर स्टेशनकडे धावत असताना ही एकच बाई उलटी येत होती. खालच्या मजल्यावरच्या वैजयंतामावशी, हॉस्पिटलातली नाइट ड्युटी संपवून.

"मावशी, ही सायकल मला हवीय. प्रॅक्टिकल आहे."

"मग घे की. मी रोज याच वेळेला इथे लावतेय. आणि काल सायकलीला बांधलेला तो रुमाल तुझा होय? अगं, रुमालाने एसटीत जागा अडते, सायकल नाही."

समिधाला लाजही वाटली आणि हसूही आलं. मावशींनी सायकल लॉक केली, तिने लगेच आपल्या मोबाइलवरून उघडली.

"उद्या पण याल ना?"

"आठवडाभर नाइटच आहे माझी. पळ आता."

सात वाजून दहा मिनिटांनी समिधा शाळेच्या गेटवर होती. प्रयोगशाळेचं दार अजून उघडलंही नव्हतं.