दहावा माणूस

साईनाथने समाजमंदिराच्या फरशीवर खडूने तिसरी रेघ ओढली आणि तिच्या टोकाशी शकूवहिनीचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. त्याने ते पायाने पुसून पुन्हा लिहिलं, तर तेही वाकडंच. आधीच्या दोन रेघांवर रूपेश आणि अब्रार ही नावं मात्र ठसठशीत उमटली होती.

पंचायत समितीचं पक्षाचं तिकीट आज कडाव गावचे कार्यकर्तेच ठरवणार होते. ज्याच्या मागे जास्त माणसं उभी, तो उमेदवार. मागच्या खेपेला चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा तोंडावर हो म्हणणाऱ्यांनी आत भलतंच नाव लिहिलं होतं. त्यावर तावातावाने बोलला तो साईनाथच. "चिठ्ठी नको. उभं राहू दे सगळ्यांना. कोण कुणाचा हाय ते दिसू दे गावाला." तालुकाध्यक्षांना ते भलतंच पटलं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ठरवताना काही ठिकाणी लोक असेच हॉलमध्ये गट करून उभे राहतात, असं ते तेव्हापासून भेटेल त्याला सांगत होते. तिथलाच एक नियमही त्यांनी उचलला होता. ज्याच्या मागे दहापेक्षा कमी माणसं असतील तो बाद, आणि त्याच्या माणसांनी उरलेल्यांपैकी कुणाचीही रांग धरायची.

शकूवहिनीला या फंदात पाडलं तेही साईनाथनेच. त्याच्या दोस्ताची, नागूची बायको, दूध संकलन केंद्र चालवणारी, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली बाई. तिने तीनदा नाही म्हटलं होतं.

"मी हाय ना, वहिनी," असं छातीवर हात ठेवून सांगितल्यावर ती तयार झाली.

आणि परवा रूपेश भेटला. साईनाथच्या रुचिताला कुंभिवलीच्या कंपनीत, ऑफिसात लावून देतो म्हणाला, सोमवारपासून. पोरगी दोन वर्षं घरी बसून होती. रांगेबद्दल रूपेशने चकार शब्द काढला नाही. आज दारात त्याने फक्त साईनाथच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसला.

"चला, उभे राहा," तालुकाध्यक्ष म्हणाले.

सत्तर माणसं हलली. साईनाथ पाणी पिण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळला आणि गर्दी पांगल्यावर खाली मान घालून रूपेशच्या रांगेत अगदी शेवटी जाऊन उभा राहिला. शेवटी उभं राहिलं म्हणजे दिसणार नाही, असं त्या शहाण्याला वाटलं. दिसला तो सगळ्यांनाच.

तालुकाध्यक्ष खांद्याला हात लावत मोजत गेले. अब्रार तेहतीस. रूपेश अठ्ठावीस. शकूवहिनी, तिला स्वतःला धरून, नऊ.

"एक कमी पडतोय. दोन मिनिटं देतो. कुणाला जागा बदलायची असेल तर बदला."

साईनाथपासून वहिनीची रांग चार पावलांवर होती. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं असतं, हाक मारली असती, चार शिव्या हासडल्या असत्या तर तो कदाचित गेलाही असता. ती समोर भिंतीकडे बघत उभी होती. जन्मात एवढी लाज त्याला वाटली नव्हती, आणि तरी पाय जागचा हलला नाही.

"वेळ संपली. शकुंतलाताई बाद. आता तुमच्या माणसांनी कुठं जायचं ते ठरवा."

अब्रार अदबीने दोन पावलं पुढे आला. तिचा माणूस रूपेशने फोडल्यावर शकूवहिनी गेली तर अब्रारकडेच जाणार, यात कुणाला शंका नव्हती. रूपेशने तर मोबाइल काढून उगाच त्यात डोकं घातलं.

वहिनीने पदर खोचला आणि मागच्या बायकांना म्हणाली, "चला गं."

ती सरळ आली आणि साईनाथच्या पाठीमागे उभी राहिली. आठही जणी तिच्यामागे.

साईनाथला मागे वळवेना. "वहिनी," तो कसाबसा पुटपुटला, "तुमी हिकडं कशाला?"

"सकाळी रुचिता दूध घालायला आली व्हती. सोमवारचं सांगत व्हती. लई खुशीत व्हती पोर."

म्हणजे इथे येण्याआधीपासून तिला ठाऊक होतं. ठाऊक असून ती आली, आणि तिने त्याला एका शब्दाने विचारलं नाही.

"मंग मघाशी बोलला का नाय?"

"काय बोलू?" ती हळूच म्हणाली. "रूपेश पडला तर शब्द पाळायचा नाय, भावजी. तिचं तरी होऊ दे."

तालुकाध्यक्ष पुन्हा मोजत मागे येत होते. त्यांचा हात साईनाथच्या खांद्यावर पडला.

"अठ्ठावीस."

साईनाथने तोंड उघडलं. मला धरू नका, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण तोवर हात पुढे सरकला होता.

"एकोणतीस," तालुकाध्यक्ष म्हणाले, आणि रांग मोडू नये म्हणून शकूवहिनीने त्याला पाठीवर बोट लावून जरा पुढे सरकवलं.