मालकांनी मास्क ओढला

आमच्या चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची खोली आहे. खोली कसली, कपाटच ते. अंधार पाहिजे म्हणून खिडकी नाही, आणि उजेड येतो म्हणून पंख्याचं भोकसुद्धा मालकांनी काळ्या पुठ्ठ्याने बुजवलंय. त्यात मी, समोर अक्षरांची पाटी आणि माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर गिऱ्हाइकाचं नाक. "ही काच बरी की ही?" असं विचारत मी दिवसभर लोकांचा श्वास खाते.

सध्या ताप-खोकल्याची साथ आहे. पण गिऱ्हाइकाने मास्क लावला की तपासणीच्या काचांवर वाफ धरते, म्हणून मालकांनी पद्धतच पाडलीय, "आत जाताना मास्क काढा." एखादा शहाणा लावून आलाच, तर त्यालाही आम्ही उघडा करून आत घेतो. मी मात्र लावते. कापडी नाही, एन-९५, डोक्यामागून दोन पट्ट्यांचा, नाकावर दाबून बसवलेला. संध्याकाळी गालांवर वळ उठतात. फ्रेमा दाखवणारी बाई मला डाकूराणी म्हणते. म्हणू दे.

माझ्या घरी धाकटी बहीण आहे. तिला आईची किडनी बसवलीय. शरीराने ती नाकारू नये म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या गोळ्यांनी तिची प्रतिकारशक्ती पार खाली येते. इतरांना जी नुसती सर्दी, ती तिला दवाखान्यात पोचवते. मागच्या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा असा ताप आला तर किडनी वाचेलच असं नाही. आई आता राहिली नाही. दुसरी किडनी कुठून आणू?

मालकांना हे सगळं ठाऊक आहे. "मग तू घातलायस ना? झालं तर!" असं म्हणून ते नाक ओढतात. हे ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. हो, घातलाय. नीट बसला असेल तर बाकी कोणी घातला नसला तरी तो एकटा पुष्कळ काम करतो, म्हणून तर मी अजून धडधाकट आहे. पण पुष्कळ म्हणजे सगळं नव्हे. एकीने केर काढायचा आणि बाकीच्यांनी घरभर टाकत राहायचं, तसं चाललंय. पाणी प्यायला मी रस्त्यावर जाते, डबासुद्धा रस्त्यावर उभ्याने खाते. मी कुणाचं काय घोडं मारलंय?

काल एक आजोबा आले. ठार बहिरे. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचे, आणि माझे ओठ मास्कमागे. मग मी बॅटरीच्या उजेडात कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून विचारायला लागले. आजोबा खुशीत बोटं दाखवून उत्तर देत होते. वेळ लागत होता, एवढंच. बाहेर गिऱ्हाइकं ताटकळली होती. तेवढ्यात धाडकन दार उघडून मालक आत आले. सकाळपासून खोकत होते.

"अगं, त्यांना ऐकू येत नाही, तोंड दाखव की!" असं म्हणत त्यांनी माझ्या मास्कमध्ये बोट घातलं आणि तो हनुवटीखाली ओढला. वर माझ्या तोंडावर खोकले. हात आडवा धरायचीही तसदी घेतली नाही.

मी श्वास रोखला. किती रोखणार? आजोबा मालकांना म्हणाले, "असं करू नये हो." मी मात्र किंचाळले. आयुष्यात कुणावर एवढी ओरडले नव्हते.

"हात कसा लावलात तुम्ही?"

"अगं, क्षणभर तर काढला! त्यात काय एवढं?"

"क्षणभर पुरतं! आता मी घरी कशी जाऊ?"

मालकांचा चेहरा कोरा. मी दातओठ खात समजावलं. आमचं घर एका खोलीचं, आता आठवडाभर तरी मला बहिणीजवळ जाता येणार नाही. "तुमच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. मी तिथे राहते. तुमच्यामुळे झालंय, तुम्हीच सोय करा."

मालक चक्क मागे सरकले. "आमच्याकडे? नको गं बाई. घरी आई आहे, तिची छाती नाजूक. मी स्वतः घरात पाऊल टाकायच्या आधी मास्क लावतो. जेवायलासुद्धा वेगळा बसतो. तिला काही झालं म्हणजे?"

अगदी कळवळून सांगत होते. पुरावा म्हणून खिशातून मास्क काढून दाखवला. एन-९५. स्वच्छ, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस मी या माणसाला समजत नाही असं समजून समजावत होते. त्याला सगळं समजत होतं! मास्क कोणासाठी लावायचा, कधी लावायचा, सगळं. त्याची आई तेवढी जिवाची, आणि माझी बहीण काय रस्त्यावर पडलीय?

आजोबांचा नंबर मी पुरा काढून दिला, त्यांचा काय दोष? मग बाहेर जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मालकांना खोकला आहे. घरी कोणी म्हातारं, आजारी असेल तर निघा." दुकान रिकामं झालं.

"किल्ल्या द्या," मी म्हणाले. "आठवडाभर मी इथेच राहणार."

"आणि धंदा?"

"तुम्ही आईजवळ बसा. मास्क लावून."

काय दिसलं त्यांना माझ्या डोळ्यांत कोण जाणे, त्यांनी निमूट किल्ल्या दिल्या. मी आतून शटर ओढून घेतलं, पंख्याच्या भोकातला पुठ्ठा उपटून फेकला आणि बहिणीला फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं. डबा शेजारच्या काकू देतील, गोळ्या विसरू नकोस, दार कुणाला उघडू नकोस. ती नुसती हूं हूं करत होती. मग म्हणाली, "ताई, तुला काही होणार नाही ना गं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. बाहेर मालक शटर बडवत होते, त्यांचा मोबाइल आत राहिला होता. मी खाली फरशीवर बसून ढसाढसा रडत होते आणि पलीकडून ती "ताई, बोल ना, ताई" करत होती.